दाखवायची साडी

राजकुमार ते हसत हसत बोलून गेला आणि लगेच दुसऱ्या कामाचं बोलू लागला. फोनच्या त्या टोकाला, पुण्यातल्या स्टुडिओत, कॉफीचं मशीन घरघरत होतं आणि कुणीतरी कुणाला तरी इंग्रजीत फाइल मागत होतं. या टोकाला, खामगावात, वरच्या टिनाच्या खोलीत, प्रेमानंद तायडे कानाला फोन लावून बसला होता आणि त्याला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. विचारलं होतं त्यानंच. ‘या वेळी आपलं कव्हर लागन का?’ असं तो सहसा विचारत नसे. आज विचारलं, कारण समोर स्क्रीनवर जे होतं ते त्याला स्वतःला फार आवडलं होतं, आणि एखादी गोष्ट इतकी आवडली की माणूस जरा बावळट होतो.

‘‘अबे, तुयं लागत नसते,’’ राजकुमार म्हणाला होता. ‘‘तुयं पाहूनच तं ते पहिल्याले हो म्हणतात. आमच्या चिखलीच्या दुकानात नव्हती का एक दाखवायची साडी? गिऱ्हाईक बसलं की बाबा पहिले तेच फेकत गादीवर. असा रंग, असा पदर, की बाया हासत, घाबरत, अन् मंग गुपचूप मरून रंगाची घेऊन जात. तिकडं मीटिंगमधी पहिले तिसरंच उघडतात. मीच सांगतलं त्याईले तसं. तुयं कव्हर म्हणजे आपली दाखवायची साडी हाय. एक नंबर काम. संध्याकाळपर्यंत धाडून दे, हाव?’’

‘‘हाव,’’ प्रेमानंद म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं खिडकी लावली, मग उघडली. फेब्रुवारी संपत आला होता आणि पत्रा तापायला लागला होता. खाली आई, कलाबाई, उन्हात तूर पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत वर येत होता आणि मध्येच थांबत होता, तेव्हा ती खडा उचलून फेकत असणार. हा आवाज तो जन्मापासून ऐकत आला होता. आज तो फार लांबून येतोय असं त्याला वाटलं. स्क्रीनवर ताट होतं. काळं ताट, पानात न मावणारं. त्याची कड चारही बाजूंनी कापली गेली होती आणि फक्त उजवीकडे खाली एक पांढरा तुकडा उरला होता. साप्ताहिकाचं नाव, जे एरवी पानाच्या माथ्यावर छाती काढून उभं असतं, ते त्यानं ताटाच्या काठाला चिकटलेल्या शितासारखं बारीक करून ठेवलं होतं. अमेरिकेत माणसं एकटी जेवू लागली आहेत, असा त्या अंकाचा मुख्य लेख होता. काल संध्याकाळी छकुली, त्याची पुतणी, वर आली होती तेव्हा त्यानं तिला ते दाखवलं. ती स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, ‘‘काका, याच्यात कोणीच नाही. तरी आत्ता कोणीतरी जेवून उठलं असं वाटते.’’ त्या वाक्यावर तो रात्रभर सुखानं झोपला होता. ताट कुठून आलं हे तिला सांगायची गरज नव्हती. त्याचं स्वतःचं ताट रोज झाकून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेलं असे. तो काम सोडून खाली येत नाही हे घरानं कधीच मान्य करून टाकलं होतं; आई हाक मारायची नाही, फक्त ताट ठेवल्याचा आवाज करायची.

काम समजावून सांगायला सोपं होतं आणि तरी घरात ते कुणाला नीट समजलं नव्हतं. न्यूयॉर्कचं एक मोठं साप्ताहिक; घाईच्या आठवड्यात त्याच्या मुखपृष्ठाच्या कच्च्या चित्रांचं काम पुण्याच्या स्टुडिओकडे येई. दर अंकाला तीन. पहिलं सरळ, कुणाला खटकणार नाही असं. दुसरं पहिल्याची धाकटी बहीण. तिसरं मोकळं, जे सुचेल ते. पहिली दोन पुण्यातली मुलं करीत. तिसरं गेली कित्येक वर्षं प्रेमानंद करीत होता, आधी पुण्यात बसून आणि लॉकडाउननंतर इथून. तिसरं आपल्याकडे आहे हा त्याला मान वाटत आला होता. स्टुडिओ चालवणारा राजकुमार औरंगाबादच्या कला महाविद्यालयात असल्यापासून त्याचं काम ओळखून होता. म्हणून त्यानं तिसरं आपल्यासाठी राखून ठेवलं, असं तो धरून चालला होता. ते खरंही होतं. कापडवाल्याचा मुलगा दाखवायची साडी निवडताना हलगर्जीपणा करीत नाही. ती चांगलीच असावी लागते. वाईट साडी पाहून कुणी घाबरत नाही. वाईट साडी पाहून गिऱ्हाईक दुकान बदलतं.

आपल्याला राग का येत नाही, हे तो थोडा वेळ तपासत राहिला. राग यायला समोर कुणीतरी लागतं. राजकुमारनं फसवलं नव्हतं. पगार वेळेवर होता, कौतुक मनापासूनचं होतं. न्यूयॉर्कच्या लोकांनीही फसवलं नव्हतं. ते दर वेळी उत्तर लिहीत, आणि त्या उत्तरात एक शब्द हमखास असे: ब्रेव्ह. धाडसी. झोपेवरच्या अंकाला त्यानं सगळं पान राखाडी ठेवून मथळा तळाशी आडवा पाडला होता, तेव्हा: ब्रेव्ह. म्हातारपणावरच्या अंकाला साप्ताहिकाच्या नावाची अक्षरं एकामागून एक वाकत नेली होती, शेवटचं अक्षर जवळजवळ जमिनीला टेकलेलं, तेव्हा: फारच ब्रेव्ह. पहिल्यांदा हा शब्द आला तेव्हा त्यानं तो छकुलीला मोठ्यानं वाचून दाखवला होता. ती तेव्हा शाळेत होती आणि तिनं खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं की अमेरिकेनं काकाला शूर म्हटलं. पुढे पुढे त्याच्या लक्षात आलं की छापल्या जाणाऱ्या कव्हराबद्दल ते हा शब्द कधीच लिहीत नाहीत. तिथे ते नुसतं लिहितात, चालेल. लक्षात आलं होतं, पण त्यानं त्याचा अर्थ लावला नव्हता. काही गोष्टी दिसत असूनही माणूस त्या आज नको म्हणून बाजूला सारून ठेवतो.

कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकन साप्ताहिकांचे जुने गठ्ठे होते. कुणा प्राध्यापकाच्या घरून आलेले, कडा पिवळ्या पडलेले. तो ते तासन्‌तास चाळत असे आणि प्रत्येक वेळी त्याला एकच नवल वाटे. माथ्यावर नाव, मध्ये चेहरा, चेहऱ्याच्या छातीवर मथळा. पुन्हा नाव, पुन्हा चेहरा. एवढा मोठा देश, एवढी चित्रं काढणारी माणसं, आणि ही सगळी कव्हरं एकमेकांची सख्खी भावंडं कशी? विशीतल्या मुलाला यावर जे उत्तर सुचतं तेच त्याला सुचलं होतं: खरं काम अजून यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. ते पोचवायला हवं. त्या उत्तरावर त्याची वीस-बावीस वर्षं गेली. आता, तापत्या पत्र्याखाली, त्याला कळत होतं की काम पोचतं. कदाचित पहिल्यापासून पोचत असेल. दर आठवड्याला कुठून तरी कुणाचं तरी तिसरं तिथे जातं, टेबलावर उलगडलं जातं, सगळे ते नीट बघतात, वा म्हणतात, आणि घडी घालतात.

ते टेबल त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण आज ते त्याला स्वच्छ दिसू लागलं. काचेची भिंत, पाण्याच्या बाटल्या. एकाला सुपरमार्केटच्या काउंटरजवळचा रॅक आठवतोय, जिथे बाई ट्रॉली ढकलत येते आणि अर्ध्या नजरेत काय ते ठरवते. एकीला शेवटच्या पानावरची मोटारीची जाहिरात आठवतेय. मोटारवाल्याला काळं ताट आवडेल का? एकाला मागच्या वेळची वाचकांची पत्रं आठवताहेत. एकाला नुसतं घरी जायचंय. कुणाचाच त्या ताटाला विरोध नाही. प्रत्येकाला आवडलंय. पण प्रत्येकजण खोलीत नसलेल्या कुणाला तरी भितोय. आणि त्या टेबलाच्या टोकाला, प्रेमानंदला आता दिसलं, राजकुमारचे बाबा बसले आहेत. मांडी घालून, गळ्यात मोजपट्टी, समोर पांढरी गादी. त्याला हसू आलं. ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि सांगण्यासारखं कुणी नाही हे दुसऱ्या क्षणी लक्षात आलं.

पुण्यातही त्याला असंच होई. तिथे पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं ‘मले भूक नाही’ म्हटलं आणि टेबलावरची मुलं प्रेमानं हसली. प्रेमानंच, त्यात अपमान काही नव्हता. एका मुलीनं तर पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं. मग तो ‘मला’ म्हणू लागला, आणि त्यात दर वेळी क्षणभर थांबावं लागे, म्हणून हळूहळू कमी बोलू लागला, आणि शेवटी गरजेपुरतंच. राजकुमारला ते जमलं होतं. तो पुणेकरांशी पुण्याचं बोले आणि प्रेमानंदशी फोन लावला की चपला काढून बसल्यासारखा वऱ्हाडीत शिरे. प्रेमानंदला दोन्हीकडे चपला घालूनच बसावं लागे. तिसरं कव्हर ही एकच जागा होती जिथे तो मोठ्यानं बोलत असे. म्हणून त्याची कव्हरं इतकी मोठ्यानं बोलत. त्याचा बाप, इंद्रभान, कापसाच्या प्रेसिंग कारखान्यात रुईच्या गाठींवर छाप मारायचा: पत्र्यातून कापलेली हातभर अक्षरं, त्यावर काळ्या रंगाचा बोळा. गाठीवर अक्षर उमटायचं ते ठसठशीत असायचं. लहानपणी प्रेमानंदला वाटे की जगात अक्षरं अशीच असतात. त्या गाठी मुंबईला जात, बंदरातून आणखी पुढे जात, आणि जिथे पोचत तिथे पहिलं काम म्हणजे ते तागाचं वेष्टन फाडून फेकणं. बाप हे जाणून होता. त्याला त्याचं काही वाटत नसे. ‘गाठ हालली की मायं काम झालं,’ असं तो म्हणे, आणि विडी पेटवी.

आणि ती साडी. राजकुमार बोलला त्या क्षणी ती डोळ्यांसमोर उलगडली होती, पण प्रेमानंद तिच्याकडे बघायचं टाळत होता. तो सात-आठ वर्षांचा असेल, सोजराबाई आत्याच्या लग्नाचा बस्ता फाडायला, कापडं घ्यायला, सगळे बाजारात गेले होते. मेन रोडवरचं दुकान, चप्पल बाहेर, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी. बाया रांगेत बसलेल्या, मधोमध आत्या, मान खाली. गादीवरच्या माणसानं काही न विचारता मागच्या कप्प्यातून एक घडी ओढली आणि मनगटाच्या एका झटक्यानं हवेत सोडली. साडी खाली यायला फार वेळ लागला असं त्याला आजही वाटे. कोवळ्या ज्वारीसारखा हिरवा, त्यावर विटकरी आडवे पट्टे, अंतर कुठेच सारखं नाही, आणि पदर जांभळा, तोही अर्ध्यातून अचानक सुरू होणारा, जणू विणणाऱ्याला मध्येच दुसरं काही आठवलं. बाया खो खो हसल्या. ‘‘ह्या मायबाई,’’ आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘‘हे नेसून म्या काय बहुरूप्याच्या मांगं फिरू?’’ गादीवरचा माणूसही हसला. मग त्यानं मरून काढली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. प्रेमानंद मात्र रडला होता. तेच पाहिजे म्हणून रडला, आणि कलाबाईनं त्याला बाहेर नेऊन गोळी घेऊन दिली. पुढे कॉलेजात रंगांबद्दल जे काही शिकवलं गेलं ते सगळं त्यानं मनातल्या मनात त्या साडीवर ठेवून तपासलं होतं. ती विकायला नव्हतीच, ती घाबरवायला होती, हे त्याला आज कळलं.

मग त्यानं एक गोष्ट केली. ठरवून केली असं म्हणता येणार नाही, पण करताना हात कुठे अडलाही नाही. काळ्या ताटाची फाइल त्यानं बंद केली आणि एक कोरं पान घेतलं. खिडकीशी बसलेली बाई, समोर टेबल, एक कप. चेहरा अर्धा उजेडात. नाव माथ्यावर, जाड, पांढरं. मथळा मध्ये. पाठीमागचा रंग त्यानं न शोधता टाकला: मरून. आत्याच्या साडीचा, तंतोतंत. काम इतक्या लवकर झालं की त्याला जरा भीती वाटली. पहिल्या दोन कव्हरांपेक्षाही ते गुळगुळीत होतं. पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडली नसती. घ्या, त्यानं मनाशी म्हटलं, दाखवा आता हे. बघू कोण कशाला घाबरतं. आज तुमच्या गादीवर काही उलगडणार नाही. हा त्याचा संप होता, आणि संपावर एकच माणूस होता. त्यानं फाइलच्या नावापुढे तीनचा आकडा घातला आणि पाठवून दिली. खाली सुपाचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं पायरीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी राजकुमारचा फोन आला तेव्हा तो शिव्या ऐकायची तयारी करूनच बसला होता.

‘‘लागलं बे!’’ राजकुमार ओरडला. ‘‘तुयं लागलं! पहिलं-दुसरं कोणी पाह्यलंबी नाही. प्रेम्या, छापून राह्यले ते!’’

प्रेमानंदनं विचारलं, ‘‘काय म्हणले?’’

‘‘चालेल म्हणले. अजून काय पाह्यजे तुले?’’

राजकुमारनं खाली फोन करून नागसेनलाही, प्रेमानंदच्या भावाला, छकुलीच्या बापाला, सांगितलं. नागसेननं पेढे आणले. कलाबाईनं गल्लीत सांगितलं की पोराचं चित्र अमेरिकेत छापून आलं, आणि गल्लीनं तिला विचारलं की मग आता तो तिकडे जाणार का, आणि ती प्रत्येकाला म्हणाली, ‘‘कायले जाते? अथीच बसून करते तो.’’ एवढा अभिमान तिच्या आवाजात त्यानं कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पोरगा वर बसून काय करतो कोण जाणे. आता तिला कळलं होतं, आणि नेमकं चुकीच्या वेळी कळलं होतं. अंक खामगावला येत नाही. पण राजकुमारच्या ओळखीच्या कुणी शिकागोच्या एका सुपरमार्केटमधून रॅकचा फोटो काढून पाठवला. प्रेमानंदनं तो फोनवर उघडला आणि त्याला आपलं कव्हर सापडेना. त्यानं फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. मग एका च्युइंगगमच्या खोक्यामागे, दोन चेहऱ्यांच्या मध्ये, त्याला ती बाई दिसली. कपाकडे बघत होती. कलाबाईनं फोन हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला आणि विचारलं, ‘‘तुयं नाव कोठं हाय याच्यात?’’

‘‘नाव नसते माय त्याच्यात.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. नवऱ्याची आठवण आली असावी. ‘‘गाठ हालली ना. झालं.’’

छकुली मात्र संध्याकाळी वर आली. तिचं लग्न जमलं होतं, मेमधलं. वरवट बकाल गावची माणसं, मुलगा अकोल्याला नोकरीला. खाली तिच्या लग्नाच्या गोष्टी चालत आणि ती त्यांतून उठून वर येई. खुर्चीच्या मागे उभी राहून तिनं मरून कव्हर पाहिलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘अन् ताट?’’

‘‘त्यांना ते नको होतं,’’ प्रेमानंद म्हणाला.

हे खोटं होतं. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. जगात ते ताट पाहिलेली दोन माणसं होती आणि दोघंही त्या खोलीत होती. बोलताना त्याला वाटलं होतं की हे वाक्य साधं आहे, पण ते बोलून झाल्यावर त्याला दिसलं की आता हिच्यापुढेही चपला घालून बसावं लागणार.

‘‘असं कसं?’’ छकुली म्हणाली. ‘‘ते किती भारी होतं! त्याईले काही समजत नाही काका.’’

‘‘नाही समजत,’’ तो म्हणाला.

त्यानंतर न्यूयॉर्कहून निरोप आला की तिसरं करणाऱ्याला आता पहिलं द्या. राजकुमारनं ते बढतीसारखं सांगितलं, आणि ती बढतीच होती. तिसरं पुण्यातल्या एका नव्या पोराकडे गेलं. फार उत्साही आहे, राजकुमार म्हणाला, वेडं काहीबाही करते, तुयासारखंच. प्रेमानंद पहिलं करू लागला. ते चांगलं होई. लागत जाई. उत्तरात कुठलाच शब्द खटकेनासा झाला. रात्री मात्र त्याला जाग येई आणि त्या नव्या पोराला फोन करून काही सांगावं असं वाटे. काय सांगावं हे ठरत नसे, आणि त्याचं नावही त्यानं विचारून घेतलं नव्हतं.

एप्रिलात छकुलीचा बस्ता निघाला. लग्न दुपारी, बुद्धविहाराच्या मैदानात. तिथली साडी पांढरीच, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न फक्त संध्याकाळच्या स्वागताच्या साडीचा होता, आणि त्या एका साडीसाठी दोन जीप भरून बाया बाजारात उतरल्या. वरवटच्या होत्या, घरच्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे सोजराबाई आत्या, आता दात पडलेली, काठी टेकत. प्रेमानंदलाही ओढून आणलं होतं. ‘‘तो कलाकार हाय,’’ आत्या म्हणाली, ‘‘अमेरिकेले रंग पसंत करून देते, आपल्याले नाही का देनार?’’ दुकान तेच होतं. बाहेर काच लागली होती, आत एसीची थंडी होती, पण गादी पांढरीच, आणि गादीवर महादेवराव बसले होते. तेव्हाचाच माणूस, केस पांढरे झालेला. त्यांनी प्रेमानंदला ओळखायचं कारण नव्हतं. त्यांनी बायांवरून एकदा नजर फिरवली, नवरी कोण ते हेरलं आणि काही न विचारता मागच्या कप्प्यात हात घातला.

प्रेमानंदला पुढे काय होणार हे माहीत होतं. मनगटाचा तोच झटका. साडी हवेत गेली. ती जुनी नव्हती. मधल्या वर्षांत तिच्या जागी दुसऱ्या कितीतरी आल्या-गेल्या असतील. ही पूर्ण काळी होती. काळी, आणि तिला काठच नव्हता, कुठे काही नाही, आणि मग पदराच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात, हळदीचा बोटभर पिवळा. बस. ती गादीवर पसरली आणि गादी दिसेनाशी झाली.

‘‘इचीन माय!’’ वरवटची एक बाई म्हणाली. ‘‘लगन हाय का काय हाय?’’

‘‘लाइट गेल्यासारखं वाटलं मले तं,’’ दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. महादेवरावही हसले, जेवढं हसायचं तेवढं. आत्यानं काठी आपटली. ‘‘ठेवा बाप्पा ते. मरून दाखवा.’’

मरून आली. हसणं थांबलं आणि हात पुढे झाले. पोत बघितला गेला, काठ बघितला गेला. छकुलीनं मरूनकडे पाहिलं नाही. ती काळ्या साडीकडे बघत होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, लहानपणी वर खोलीत बसायची तशी. तिचा एक हात त्या पिवळ्या कोपऱ्यावर होता. मग तिनं मान वर केली आणि प्रेमानंदकडे पाहिलं.

‘‘काय म्हणतं बापू?’’ आत्या म्हणाली. ‘‘तूच सांग आता. तू म्हणशीन ते फायनल.’’

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. छकुली बघतच होती. तिला काही म्हणायची गरज नव्हती. घरात एक माणूस असा आहे की ज्याला हे दिसतं, असं ती धरून होती. त्याला ते दिसतही होतं. त्या काळ्यात ताट होतं, आणि ते कोपऱ्यातलं पिवळं बोट काठाला चिकटलेल्या शितासारखं होतं, आणि त्याला हेही दिसलं की ही साडी नेसून ही मुलगी मांडवात आली तर शंभर माणसांत फक्त तीच दिसेल आणि तिचा सारा जन्म लोक ते बोलत राहतील. मग त्याला वरवटची माणसं दिसली, मुलाची आई दिसली, जी इथे आलीच नव्हती. नागसेन दिसला, सोयऱ्यांपुढे हात जोडून उभा. फोटो काढणारा दिसला, म्हणत असलेला की काळ्यात डिटेल येत नाही. आणि ही तर विकायची नाहीच, त्यानं स्वतःला सांगितलं, ही दाखवायची आहे. मागून उपयोग काय? एवढं सगळं बघायला त्याला फार वेळ लागला नाही. अलीकडे त्याचं काम लवकर होत असे.

‘‘मरून चालेल,’’ तो म्हणाला.

‘‘पाहा!’’ आत्या म्हणाली. ‘‘म्या काय म्हणत होती?’’

छकुलीनं हात काढून घेतला. रागानं नाही. तिनं त्याच्याकडे आणखी क्षणभर पाहिलं, एखाद्या घरात पूर्वी कोण राहत होतं ते आठवून पाहावं तसं, आणि मग मान वळवून मरून साडीचा काठ हातात घेतला, आणि चांगली आहे म्हणाली. बाया उठल्या. पलीकडे उसाचा रस होता. आत्याला काठी, कुणाला पिशवी, सगळा गलबला दारातून बाहेर गेला. प्रेमानंद मागे राहिला, दाराच्या आतल्या ढिगात चपला शोधायचं निमित्त करून. आत थंडी होती. महादेवराव गुडघ्यांवर उभे राहून काळी साडी ओढून घेत होते.

‘‘ही,’’ प्रेमानंद म्हणाला, आणि थांबला. ‘‘ही इकाची नसते ना?’’

‘‘कोन म्हणते?’’ महादेवरावांनी वर पाहिलं. ‘‘दुकानात इकाची नाही अशी वस्तू काऊन ठेवू मी? त्या पोरीनं मांगतली असती तं देऊन देली असती. पन मांगतच नाही कोणी. पाहतात, हासतात. आज ती एक जरा पाहत होती.’’ त्यांनी एक टोक स्वतःकडे घेतलं आणि लांबचं टोक त्याच्या दिशेनं सरकवलं, दुकानात रिकामा दिसलेल्या कुठल्याही माणसाकडे सरकवतात तसं. ‘‘धरा बरं एवढं.’’

प्रेमानंदनं टोक धरलं. पिवळा कोपरा त्याच्याच हातात आला. बाहेरून आत्याची हाक ऐकू आली आणि कुणाचं तरी हसणं. त्यात छकुलीचं आहे का ते त्याला ओळखता येईना. दोघं एकमेकांकडे सरकले, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेले. कापडावर घड्यांच्या जागी बारीक पांढरट रेघा पडल्या होत्या. एवढ्या वेळा उलगडून ती पुन्हा त्याच ठिकाणी मोडली गेली होती. त्यानं तळहातानं कापड सपाट केलं.

‘‘तथी नाही,’’ महादेवराव म्हणाले. ‘‘जुन्या घडीवरच दाबा. नवी पाडू नका.’’